सहा तासांची बैठक: सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी सामायिक अभ्यासिका कशी उभारावी

मे महिन्यात दुपारी तीन वाजता, पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला असताना, एखादी विद्यार्थिनी अभ्यासिकेत येऊन पुस्तक उघडते आणि रात्री नऊ वाजता तीच विद्यार्थिनी त्याच खुर्चीवर, डोके न दुखता, पेंग न येता वाचत असते, तेव्हा ती इमारत चांगली बांधली आहे असे समजावे. सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी आधुनिक अभ्यासिका उभारायची असेल, तर आराखड्यातील प्रत्येक निर्णय या एकाच कसोटीवर घासून पाहावा असे मला वाटते. दर्शनी भागाला काच लावावी का, छत किती उंच असावे, डबा कोठे खावा, दरवाजा कोणत्या बाजूला उघडावा, या सगळ्या प्रश्नांना सलग सहा तासांची बैठक जमेल की मोडेल, हाच एक निकष पुरतो.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले. त्यापूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. एकाच जिल्ह्यापुरते असलेले हे विद्यापीठ शहराबाहेर केगाव येथे पुणे महामार्गालगत आहे, तर जुनी महाविद्यालये शहरात आहेत. त्यामुळे येथील विद्यार्थी वसतिगृहातून चालत येणारा असेलच असे नाही. तो मोहोळहून, अक्कलकोटहून किंवा दक्षिण सोलापूरच्या एखाद्या गावातून एसटीने येतो, दोन तासिकांच्या मधला वेळ त्याला कोठेतरी काढायचा असतो आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ त्याच्या अभ्यासाची शेवटची मर्यादा ठरवते. घरात दोन खोल्या आणि सहा माणसे असलेला शहरातील विद्यार्थी मात्र रात्री जेवून येतो. या दोघांचा दिवस वेगळा असल्याने इमारतीकडून त्यांच्या अपेक्षाही वेगळ्या आहेत.

आराखड्याआधीचे आठ दिवस

वास्तुविशारदाकडे जाण्यापूर्वी शहरातील चालू अभ्यासिकांत आठ दिवस बसावे आणि वहीत नोंदी कराव्यात. कोण किती वाजता येते, किती वेळाने उठते, उठून कोठे जाते, कोणती जागा आधी भरते आणि कोणती शेवटपर्यंत रिकामी राहते, हे लिहून ठेवावे. ज्या जागा रिकाम्या राहतात त्यांच्यापाशी स्वतः तासभर बसून पाहावे. बहुतेक वेळा कारण तेथेच कळते. एके ठिकाणी पाठीमागे सतत उघडझाप करणारे दार असते, दुसरीकडे पश्चिमेची तापलेली भिंत असते, तिसरीकडे वरचा पंखा दिव्याच्या खाली आल्याने पानावर सावली फडफडत असते.

या नोंदींवरून जागांची संख्या ठरवावी. उदाहरणासाठी १५० जागांची इमारत धरू. त्यांपैकी ८० जागा पूर्ण शांततेच्या, ४० जागा हलक्या आवाजात बोलण्याची मुभा असलेल्या आणि ३० जागा सहा-सहा जणांच्या पाच चर्चेच्या खोल्यांत असाव्यात. ४० जणांच्या दालनासाठी १२ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद जागा पुरते, म्हणजे माणशी सुमारे २.७ चौरस मीटर जागा मिळते. याहून कमी केल्यास खुर्ची मागे सरकवताना मागच्याला धक्का लागतो आणि दिवसभर कुरबुरी चालतात. अशी तीन दालने, चर्चेच्या खोल्या, प्रवेश, कपाटे, जिने, स्वच्छतागृहे आणि डबा खाण्याची खोली मिळून सुमारे ६०० चौरस मीटर बांधकाम होते. ते दोन मजल्यांत बसवावे. तीन मजले केल्यास उद्वाहनाचा खर्च आणि देखभाल वाढते, आणि एकच मजला केल्यास सगळ्या दालनांच्या डोक्यावर तापणारे छत येते.

चर्चेच्या खोल्यांत कपात करण्याचा मोह प्रत्येक समितीला होतो, कारण त्यांत माणशी जागा जास्त लागते असे वाटते. तो मोह टाळावा. तोंडी परीक्षेची तयारी, गटप्रकल्प, एकमेकांना गणित समजावणे हे अभ्यासाचेच प्रकार आहेत, आणि त्यांना स्वतंत्र जागा दिली नाही तर ते शांत दालनाच्या दारात किंवा जिन्यावर सुरू होतात.

जमीन

सोलापूर परिसरात बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असा थर लागतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया तिच्यावर टेकवू नये. ती पूर्ण काढून मुरमापर्यंत किंवा पाषाणापर्यंत जावे. थर फार खोल असल्यास अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे तळाशी फुगवटा असलेल्या खोल काँक्रीट खांबांचा, पर्याय मृदा तपासणीच्या अहवालानुसार घ्यावा. जोत्याच्या आत भरावासाठी उकरलेली काळी माती पुन्हा वापरण्याची चूक सर्रास होते आणि दोन पावसाळ्यांत फरशी उचलली जाते. भराव मुरमाचा करून थरांनी ठोकावा आणि इमारतीभोवती किमान एक मीटर रुंदीचा उताराचा पट्टा करून पाणी पायापासून दूर न्यावे. झाडे लावायची ती लावावीतच, परंतु कडुनिंब, करंज यांसारखी मोठी झाडे भिंतीपासून पाच-सहा मीटर दूर ठेवावीत, कारण त्यांची मुळे मातीतील ओल शोषतात आणि पायाजवळची काळी माती असमान आकसते.

ऊन कोठून येते

या विषयावर सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण येथे झालेली चूक नंतर वातानुकूलन यंत्रांनी भरून काढावी लागते आणि तिचे वीजबिल इमारत असेपर्यंत भरावे लागते.

सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. याचा अर्थ, कडक उन्हाळ्यात भिंतींपेक्षा छतावर कितीतरी अधिक उष्णता पडते. जुन्या सोलापुरातील माळवदाच्या घरांत लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. तो थर उष्णता अडवून धरत असे. नुसत्या सिमेंटच्या स्लॅबला हे जमत नाही. म्हणून स्लॅबवर ५० मिलिमीटर जाडीचे उष्णतारोधक बोर्ड, त्यावर विटांच्या तुकड्यांचा उताराचा थर (ब्रिकबॅट कोबा) आणि सर्वांत वर पांढऱ्या फुटक्या फरशांचे चायना मोझॅक असा क्रम ठेवावा. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परतवून लावतो, मात्र आपल्याकडच्या धुळीत तो पाहता पाहता मळतो, त्यामुळे फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये छत धुण्याचे काम वार्षिक वेळापत्रकात लिहूनच ठेवावे. छताचा एक तृतीयांश भाग सौरपट्ट्यांनी झाकला तर वीज मिळते आणि सावलीही मिळते.

इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे मोठ्या भिंती उत्तर-दक्षिणेकडे येतात. दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. खिडकी दीड मीटर उंच असेल आणि तिच्या माथ्याला लागून ७५ सेंटिमीटरचा छज्जा असेल, तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचे ऊन काचेवर पडत नाही आणि हिवाळ्यात मात्र हवेहवेसे ऊन आत येते. आपल्याकडे ऊन कधी नको असते आणि कधी चालते, त्याच्याशी हे माप नेमके जुळते. उत्तरेचा उजेड वाचनासाठी सर्वांत चांगला असतो, तरी जून महिन्यात सकाळी व संध्याकाळी सूर्य उत्तरेकडे कललेला असल्याने तेथेही खिडकीच्या बाजूंना उभ्या फळ्या द्याव्यात.

पश्चिमेला छज्जाचा उपयोग होत नाही, कारण चारनंतरचे ऊन आडवे येते. त्या बाजूला खिडक्या ठेवूच नयेत. तेथे जिना, सामानाची खोली, विजेच्या पेट्यांची खोली अशा जागा आणाव्यात आणि बाहेरून झाडे किंवा जाळीची दुहेरी भिंत द्यावी. येथे आणखी एक बारकावा आहे. नऊ इंची विटांची भिंत तापली की ती उष्णता आतल्या बाजूला पोहोचायला सात-आठ तास लागतात. दिवसा वापरायच्या कचेरीला हा उशीर फायद्याचा ठरतो, परंतु अभ्यासिका रात्री अकरापर्यंत चालते आणि नेमकी त्याच वेळी भिंत आतून तापू लागते. म्हणून जाड भिंतीवर विसंबून न राहता भिंतीवर ऊन पडूच न देणे महत्त्वाचे आहे. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी भारतात रुजवलेल्या, विटा रचण्याच्या रॅट-ट्रॅप बाँड पद्धतीच्या भिंतीत मध्ये हवेची पोकळी राहते आणि विटाही कमी लागतात; तो प्रकार जमणारे गवंडी मिळत असतील तर अवश्य वापरावा.

संपूर्ण काचेचा दर्शनी भाग आधुनिकतेची खूण मानला जातो. सोलापुरात तो विद्यार्थ्यांच्या अंगावर ऊन सोडण्याचा मार्ग ठरतो, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

हवा

पेंग येण्याचे कारण प्रत्येक वेळी आळस नसतो. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे सोडतो. आपल्या १२ बाय ९ मीटरच्या आणि ३.६ मीटर उंचीच्या दालनात सुमारे ३८९ घनमीटर हवा असते. दारे-खिडक्या घट्ट लावून तेथे ४० जण बसले, तर हवेतील या वायूचे प्रमाण बाहेरच्या सुमारे ४२० पीपीएमवरून (हवेच्या दशलक्ष भागांत ४२० भाग) वीस मिनिटांत १००० पीपीएमच्या वर जाते आणि पुढे चढतच राहते. भिंतीवरचे स्प्लिट वातानुकूलन यंत्र आतलीच हवा फिरवून थंड करते, बाहेरची ताजी हवा आणत नाही. त्यामुळे थंडगार खोलीतही डोके जड होते. प्रमाण १००० पीपीएमच्या आत ठेवायचे असेल तर माणशी तासाला सुमारे ३१ घनमीटर, म्हणजे ४० जणांना सुमारे १२४० घनमीटर ताजी हवा हवी.

सोलापूरचा उन्हाळा कोरडा असतो आणि ही मोठी सोय आहे. कोरड्या हवेत पाण्याच्या बाष्पीभवनाने चांगला थंडावा मिळतो, आणि कूलर बाहेरची हवा आत ढकलत असल्याने थंडावा व ताजी हवा या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रातून साधतात. दालनामागे तासाला ५००० घनमीटर हवा देणारा मोठा कूलर बाहेरच्या बाजूला बसवावा, त्याची हवा पत्र्याच्या नळीतून डोक्यावरून आणावी आणि समोरच्या भिंतीत हवा बाहेर जाण्यासाठी तेवढीच मोकळी जागा ठेवावी. ती ठेवली नाही तर खोली दमट होते आणि लोक कूलरला दोष देतात. ‘पाण्याची टंचाई असताना कूलर कशाला,’ असा आक्षेप हमखास येईल. त्याचे उत्तर हिशेबाने द्यावे. अशा एका कूलरला कडक दुपारी तासाला साधारण ३५ लिटर पाणी लागते. तीन दालनांना आठ तासांसाठी दिवसाकाठी ८०० ते १००० लिटर होतात. इमारतीच्या एकूण रोजच्या गरजेच्या तुलनेत हा सातवा-आठवा हिस्सा आहे. बोअरचे जड पाणी वापरल्यास जाळ्यांवर क्षार बसतात, म्हणून साठवलेले पावसाचे पाणी यासाठीच राखून ठेवावे.

पावसाळ्यात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दमट दिवसांत कूलर निरुपयोगी ठरतो. तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या आणि छताचे पंखे यांवर काम चालले पाहिजे. उन्हाळ्यात सकाळी दहा-अकराला खिडक्या बंद कराव्यात आणि सूर्य मावळल्यावर उघडाव्यात. इमारत बंद झाल्यावरही वरच्या झडपा रात्रभर उघड्या ठेवता येतील, अशी जाळी लावलेली रचना असावी, म्हणजे पहाटेपर्यंत स्लॅब आणि भिंती थंड होतात. मधोमध वाड्यातल्यासारखा चौक ठेवता आला, तर ही रात्रीची हवा फार चांगली खेळते.

आवाज

दालन बांधून झाले, रंग लागला, गुळगुळीत फरशी बसली, उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आले की एक पेन पडला तरी सगळे मान वर करतात, असे अनेक ठिकाणी घडते. कठीण पृष्ठभाग आवाज शोषत नाहीत. अमेरिकेतील वॉलेस सबाइन यांच्याकडे १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एक व्याख्यानगृह सुधारण्याचे काम आले. तेथे बोललेला शब्द इतका घुमत असे की पुढचा शब्द कळत नसे. शेजारच्या नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या रात्री आणून, मांडून आणि मोजून त्यांनी घुमण्याच्या काळाचे सूत्र शोधले: खोलीच्या घनफळाला ०.१६ ने गुणावे आणि आवाज शोषणाऱ्या एकूण क्षेत्रफळाने भागावे.

तोच हिशेब आपल्या दालनाला लावून पाहू. छत, फरशी आणि भिंती मिळून सुमारे ३६७ चौरस मीटर पृष्ठभाग आहे. गुळगुळीत प्लास्टर आणि फरशी जेमतेम तीन टक्के आवाज शोषतात, म्हणजे शोषक क्षेत्र ११ चौरस मीटर भरते आणि रिकाम्या दालनात आवाज साडेपाच सेकंदांहून अधिक काळ घुमतो. वाचनाच्या खोलीत तो सुमारे ०.८ सेकंदाच्या आसपास हवा, आणि त्यासाठी ७८ चौरस मीटर शोषक क्षेत्र लागते. पूर्ण छताला ७० टक्के शोषणारे बोर्ड चिकटवले की हे गणित सुटते. मात्र तसे केल्याने रात्री थंड झालेल्या स्लॅबचा गारवा बोर्डांमागे अडकतो. म्हणून मी छत झाकण्याऐवजी स्लॅबपासून उभे लोंबणारे शोषक पडदे सुचवेन. त्यांच्या दोन्ही बाजू आवाज शोषतात, मधून हवा खेळते आणि स्लॅबही मोकळा राहतो.

हे पडदे आणि भिंतीवरच्या चौकटी सोलापुरातच बनवता येतील. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीची जॅकार्ड वीण जाड आणि देखणी आहे. नुसती चादर भिंतीवर टांगल्याने फारसा फरक पडत नाही. लाकडी चौकटीत ५० मिलिमीटर जाडीची खनिज लोकर भरून, वर चादरीचे कापड ताणून आणि भिंतीपासून थोडे अंतर सोडून चौकट बसवली की ती चांगले काम करते. कापडावर आगरोधक प्रक्रिया करून घ्यावी आणि ते वेल्क्रोने लावावे, म्हणजे वर्षातून दोनदा काढून धुता येते. ज्यांच्या आजोबांनी गिरणीत किंवा मागावर आयुष्य काढले, त्यांच्या नातवंडांनी त्याच विणीच्या सावलीत अभ्यास करावा, यात मला मनापासून आनंद वाटतो.

दालनांची मांडणी आवाजाच्या उतरंडीने करावी. प्रवेश, सूचनाफलक, पाणी आणि डब्याची खोली तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला, त्यानंतर चर्चेच्या खोल्या, मग हलक्या आवाजाचे दालन, आणि शांत दालने वरच्या मजल्यावर सर्वांत आत असावीत. दारांच्या खालची फट रबरी पट्टीने बंद करावी, दार हळू मिटवणारा क्लोझर लावावा आणि खुर्च्यांच्या पायांना टोप्या बसवाव्यात. या तीन गोष्टींचा खर्च नगण्य असतो आणि परिणाम फार मोठा असतो.

मोठ्याने वाचल्याशिवाय किंवा फेऱ्या मारल्याशिवाय पाठ होत नाही, असे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारी आणि मराठी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकणारी कितीतरी मुले या शहरात आहेत. परकी परिभाषा जिभेवर रुळवण्यासाठी त्यांना ती उच्चारावी लागते. त्यांच्यासाठी उत्तरेला १.८ मीटर रुंदीची लांब ओसरी ठेवावी. ती दालनाच्या भिंतीला सावली देते आणि पाठांतराच्या फेऱ्यांनाही जागा मिळते.

उजेड, टेबल आणि प्लग

टेबलाच्या पृष्ठभागावर ३०० ते ५०० लक्स उजेड असावा. खिडकी बसणाऱ्याच्या डाव्या किंवा उजव्या हाताला यावी. समोर आली तर डोळे दिपतात आणि पाठीमागे आली तर संगणकाच्या पडद्यावर तिचे प्रतिबिंब पडते. कापड गिरण्यांच्या करवती छपरांतून विणकामासाठी उत्तरेचा स्थिर उजेड घेत असत. वरच्या मजल्यावर तशीच उत्तराभिमुख उभी झडप देता येते. आडवी काच छतात कधीही बसवू नये. पंख्याची पाती दिव्याच्या खाली येणार नाहीत, याची खात्री विजेचा आराखडा आणि छताचा आराखडा एकमेकांवर ठेवून करून घ्यावी.

प्रत्येकाला किमान ९० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल टेबल मिळावे, टेबलाची उंची ७५ सेंटिमीटर असावी. प्लायवूडच्या उंच आडोशांनी केलेले खुराडे एकाग्रता वाढवते अशी समजूत आहे, परंतु ते हवा आणि उजेड दोन्ही अडवते. बसलेल्याच्या नजरेपुरता, टेबलापासून ४० सेंटिमीटर उंचीचा आडोसा पुरतो. पैसे वाचवायचे असतील तर ते फरशीवर वाचवावेत, खुर्चीवर नको. पाठीला आधार देणारी आणि जाळीची पाठ असलेली खुर्ची आपल्या हवामानात रेक्झिनच्या गादीपेक्षा कितीतरी बरी.

प्रत्येक जागेला स्वतंत्र प्लग द्यावा. १५० लॅपटॉप ६५ वॅटच्या चार्जरवर एकाच वेळी लागणार नाहीत. निम्मे धरले तरी सुमारे ५ किलोवॅट भार होतो. दिवे आणि सुमारे ३० वॅटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे धरून एकूण भार १० किलोवॅटच्या आसपास जातो. १० किलोवॅटच्या सौरसंचातून दिवसाला सरासरी ४० युनिट वीज मिळते आणि त्याला छतावर सुमारे १०० चौरस मीटर जागा लागते. वीज गेल्यावर दिवे, पंखे आणि इंटरनेट यांना तीन तास पुरेल एवढी बॅटरी ठेवावी.

पाणी, डबा आणि बाकीची सोय

अशा इमारतीसाठी माणशी दिवसाला ४५ लिटर धरतात, म्हणजे १५० जणांना ६७५० लिटर. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते हे गृहीत धरून किमान ३५,००० लिटरची भूमिगत टाकी हवी. छत ३०० चौरस मीटर आहे. वर्षाला केवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील २० टक्के वाया गेला, तरी १,२०,००० लिटर पाणी हाती येते. त्यासाठी वेगळी टाकी बांधावी आणि पहिल्या पावसाचे धुळीचे पाणी बाजूला सोडण्याची झडप ठेवावी.

डब्याची खोली पूर्वेच्या टोकाला असावी, कारण पावसाळ्यातील वारा पश्चिमेकडून येतो आणि शेंगदाण्याच्या चटणीचा वास वरच्या दालनात जाण्याऐवजी बाहेर निघून जातो. तेथे हात धुण्याची आणि डबा विसळण्याची जागा, ओल्या कचऱ्याची पेटी आणि भिंतीवर एसटीचे वेळापत्रक असावे. प्रवेशाजवळ कुलपाची कपाटे हवीत. बाहेरगावहून येणाऱ्याला जाडजूड पुस्तके रोज खांद्यावरून न्यायला लागू नयेत.

स्वच्छतागृहे दोन्ही मजल्यांवर असावीत, मुलींच्या स्वच्छतागृहात पॅडची विल्हेवाट लावण्याची सोय असावी आणि तेथे जाण्याचा रस्ता अंधाऱ्या बोळातून नसावा. मुली रात्री येतील की नाही, हे बहुधा या एका गोष्टीवर आणि फाटकापासून थांब्यापर्यंतच्या दिव्यांवर ठरते. चर्चेच्या खोल्यांच्या दारांना काच असावी, म्हणजे आत कोण आहे ते दिसते आणि आवाज बाहेर येत नाही.

जोते ६० सेंटिमीटर उंच असेल तर १ः१२ उताराने चाकाच्या खुर्चीची वाट ७.२ मीटर लांब होते. ही लांबी सुरुवातीलाच आराखड्यात धरावी. नंतर जोडलेली वाट नेहमी चढी होते. दारांची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर ठेवावी. तळमजल्यावर शांत जागांचीही एक छोटी खोली असावी, म्हणजे जिना चढू न शकणाऱ्याला गोंगाटाच्या बाजूलाच बसावे लागणार नाही.

जिवाची गोष्ट

जुलै २०२४ मध्ये दिल्लीतील जुन्या राजेंद्र नगर भागात एका शिकवणी केंद्राच्या तळघरातील वाचनालयात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. तळघरात अभ्यासिका करू नये, इतके त्यावरून निर्विवाद ठरते. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतील तरतुदी वास्तुविशारद पाहतीलच. परंतु समितीने स्वतः चार गोष्टी पाहाव्यात. विरुद्ध टोकांना दोन जिने असावेत आणि त्यांपैकी एकही सामान ठेवण्यासाठी वापरला जाऊ नये. दालनाची दारे बाहेरच्या दिशेने उघडावीत. हजेरीसाठी बोटाचा ठसा घेणारे कुलूप लावले, तरी आतून ते किल्लीशिवाय आणि विजेशिवाय उघडले पाहिजे. खिडक्यांना लोखंडी गज लावायचेच असतील, तर प्रत्येक दालनात किमान एक जाळी आतून उघडणारी हवी. जिन्याच्या एका कोपऱ्यात जुन्या खुर्च्यांचा ढीग दिसला की तो त्याच दिवशी हलवण्याचा अधिकार तेथील राखणदाराला लेखी द्यावा.

उद्घाटनापूर्वी

फीत कापण्याच्या आधी, शक्यतो एप्रिल-मेमध्ये, चाळीस विद्यार्थ्यांना एका दालनात दुपारी तीन ते रात्री नऊपर्यंत बसू द्यावे. दालनाच्या चारही कोपऱ्यांत तापमापक, मध्यभागी कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र आणि टेबलांवर लक्समापक ठेवून दर अर्ध्या तासाने आकडे टिपावेत. त्याच वेळी प्रत्येकाला एक कोरा कागद द्यावा आणि ज्या ज्या क्षणी लक्ष मोडले त्याची वेळ आणि कारण तेथे लिहायला सांगावे. दाराचा आवाज, मानेवरचा वारा, पानावरची सावली, तापलेली भिंत, अशी कारणे जागेच्या क्रमांकासह हाती येतील. कंत्राटदाराच्या अंतिम देयकातील काही रक्कम या कागदांवरची कामे पुरी होईपर्यंत राखून ठेवण्याची अट निविदेतच घालावी, कारण देयक चुकते झाल्यावर दाराचा क्लोझर बदलायला कोणी येत नाही. दुसरी अशीच चाचणी ऑक्टोबरमध्ये, हवा दमट असताना आणि कूलर बंद ठेवून घ्यावी.